सव्वासातचं व्होल्टेज

सी विंगमधले सुखदेवकाका वीज चोरतात, ही बातमी मी तीन जणींकडून तीन सुरांत ऐकली. पहिलीने कुजबुजत सांगितली, "अगं, रोज सकाळी बोर्डाशी चिमटा घेऊन उभे असतात." दुसरीने नाकातून, "कारखान्यात होते ना, सगळ्या खाचाखोचा माहीत." तिसरी काही बोललीच नाही. तिने भुवया वर केल्या आणि दोन बोटांनी वायर कापल्याची खूण केली. तिघीही मला हुबेहूब येतात, भुवयांसकट. महिनाभर मी रोज जेवताना हा कार्यक्रम करत होते आणि बाबांना ठसका लागेपर्यंत हसवत होते.

मग एका सकाळी मीच त्यांना बोर्डापाशी पकडलं. हातात चिमटा होताच, म्हणजे क्लॅम्प मीटर. जाड वायरीभोवती तो अडकवायचा, वायर कापायची नाही, सोलायची नाही, आतून किती करंट जातोय ते आकड्यात दिसतं. काका आकडा बघत, कानामागचं पेन काढत आणि एका दोनशे पानी वहीत लिहीत.

"काका, चोरी कशी चाललीय?" मी विचारलं. माझं तोंड असंच आहे.

त्यांनी वर पाहिलं नाही. "चाललीय जोरात. एकोणपन्नास अँपिअर. तू अवनी ना, वरची? तुमच्या घरात आत्ता अंघोळ चालू आहे."

तर चोरीचं प्रकरण एवढंच. पण काका काय मोजत होते आणि कशासाठी, हे समजायला त्यांच्या घरात जायला लागतं. तळमजला, बोर्डाला लागून असलेलं दार.

आत कांतामावशी असायच्या, खाटेवर, नाकात नळी. त्यांनी बावीस वर्षं मसाल्याच्या कांडपात काढली होती. मिरची, हळद, पुन्हा मिरची. डॉक्टर म्हणाले होते फुप्फुसं कडक झालीत, आता मशीन कायमचं. ते मशीन खाटेपाशी गुडघ्याएवढं उभं होतं, हवेतून प्राणवायू गाळून देणारं. त्याचा आवाज मला पहिल्याच दिवशी आला. भुस्स... टक. भुस्स... टक. मी तो काढून दाखवला तर मावशी दचकल्या.

"आगं बया! आवो, दुसरं मशीन आणलं का काय?"

मग हसल्या, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला चार मिनिटं थांबला नाही. काका पाठीवर हात फिरवत बसले. मला म्हणाले, "आवाज काढ, पण हसवू नकोस." मावशी खोकल्यातूनच म्हणाल्या, "काढू दे. हसल्याबिगर जगून काय करू मी?" त्यानंतर मी जायचे ते मावशींसाठीच. त्यांना सगळ्यांत जास्त आवडायचे आमच्या सोसायटीचे सचिव दिगंबरकाका. "त्याला कर, त्या सेक्रेटरीला कर," म्हणायच्या. मी मान वाकडी करून म्हणायचे, "आपण हे लेखी दिलं आहे का? नाही ना? मग आपण हे म्हणालेलाच नाहीत." मावशी तोंडाला पदर लावून, आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी हसायला शिकल्या.

आता मोजमापाकडे. आमची सी विंग ही धायरीच्या या सोसायटीत मागाहून उगवलेली. पुढच्या दोन विंग झाल्यावर बिल्डरला मागे मोकळी जागा दिसली, त्याने चार घरं बांधली आणि गेटवरच्या मुख्य पॅनेलपासून पार्किंगखालून एक केबल आणून सोडली. चार घरं, पाण्याचा पंप, सगळ्यांना मिळून ती एक. खाली सुखदेवकाका आणि दिगंबरकाका, वर आम्ही आणि हिंजवडीला नोकरी करणारी तीन पोरं. मशीनला स्टॅबिलायझर लावला होता. घरातलं व्होल्टेज एकशे ऐंशीच्या खाली गेलं की तो टक्कन बंद पडायचा, आणि व्होल्टेज परत वर आलं तरी तीन मिनिटं थांबून मग चालू व्हायचा. तेवढ्यात नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावायची. काका ते अर्ध्या मिनिटात करायचे. मावशींना स्वतःला ते जमत नव्हतं, बोटांत जोरच नव्हता. साधा इन्व्हर्टर मशीनवाल्यानेच लावू दिला नाही, मोटर तापते म्हणाला. म्हणून सकाळी सात ते साडेसात, सगळ्या घरांत गीझर चालू असायच्या वेळी, काका घर सोडायचे नाहीत. बोर्डापर्यंत, तेही दार उघडं ठेवून.

एक दिवस त्यांनी मला कामाला लावलं. मी सव्वासातला क्लासच्या गाडीसाठी गेटवर उभी असते आणि तिथल्या पॅनेलच्या दारावरच व्होल्टेजचा आकडा दिसतो.

"रोज फोन कर आणि वाचून दाखव. बरोबर सव्वासातला. मी इकडे बघतो."

"दोनशे बावीस," मी गेटवरून म्हणाले.

"इथे एकशे ब्याऐंशी. आणि चिमट्यात पन्नास. आता सांग."

"काय सांगू?"

"दहावीला पहिला वर्ग ना तुला? गेटवरून निघाले दोनशे बावीस, घरी पोचले एकशे ब्याऐंशी. वाटेत किती सांडले?"

"चाळीस."

"चाळीस व्होल्ट भागिले पन्नास अँपिअर?"

"शून्य पूर्णांक आठ... ओहम!" मी इतक्या जोरात ओरडले की वॉचमन बघायला लागला. दहावीत हे गणित मी चाळीस वेळा सोडवलं असेल. त्यातली केबल कधी कुठल्या पार्किंगखाली नव्हती.

"हा त्या केबलचा रोध. बारीक टाकलीय, दोन घरांच्या मापाची. आता चाळीस गुणिले पन्नास?"

"दोन हजार."

"वॅट. दोन इस्त्र्या रोज सकाळी पार्किंगखाली चालू असतात. कपडे कोणाचेच नाहीत."

काकांनी हे सगळं एका कागदावर लिहून सोसायटीच्या सभेत नेलं. छत्तीस वर्षं कारखान्याच्या देखभाल विभागात काढलेला माणूस, आकडा हातात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही सवय. सभा पार्किंगमध्येच होती, म्हणजे केबलच्या बरोबर वर. काका उभे राहिले, कागद वाचला आणि खाली बसले. सव्वा मिनिट.

दिगंबरकाकांनी चष्मा कपाळावर नेला. "चाळीस भागिले पन्नास. बरं. सुखदेवराव, हे आपण सभेला सांगताय की शाळेला?"

लोक हसले. मीही हसले, कारण टायमिंग चांगलं होतं.

"केबल बदलावी लागेल," काका म्हणाले.

"कोणाकडे दिवे लागत नाहीत का? पंखे फिरत नाहीत? आपल्याला स्टॅबिलायझर हवा होता, तो आपण घेतला. मग सभेपुढे विषय काय?"

काकांनी कागदाची घडी घातली. आत खाटेवर कोण आहे, एकशे ऐंशीच्या खाली गेलं की काय होतं, यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. मी नंतर चिडून विचारलं, "मावशींचं का नाही सांगितलंत?"

"तिचं नाव घेतलं असतं तर दया केली असती. पुढच्या सभेला विसरले असते. केबल आकड्यावर बदलते, दयेवर नाही."

"नाही बदलली ना पण आकड्यावर."

"अजून दोन-चार महिन्यांचे आकडे दाखवू."

तोवर त्यांनी तिन्ही घरांत विनंती केली, गीझर पाळीपाळीने लावा. सहाला एकाने, साडेसहाला दुसऱ्याने, सातनंतर तिसऱ्याने. दिगंबरकाका म्हणाले, "म्हणजे आता अंघोळही वेळापत्रकाने? आपण घंटा वाजवणार का?" वरच्या पोरांतला उत्तरेश्वर, बार्शीचा, "डन काका, अ‍ॅब्सोल्यूटली," म्हणाला आणि चार दिवस पाळलं. मग त्याच्या कंपनीच्या बसची वेळ बदलली. आमच्या घरी आई हो म्हणाली, बाबा विसरले आणि मला उठायलाच उशीर व्हायचा. काकांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. त्यांच्या घरचा गीझर मात्र त्यांनी भिंतीवरून काढूनच टाकला होता. अंघोळीचं पाणी गॅसवर तापायचं.

मग एका गुरुवारी पाणी बंद होतं. शुक्रवारी सकाळी आलं, वॉचमनने पंप लावला, आणि आदल्या दिवशी राहिलेल्या सगळ्या अंघोळी एकदम निघाल्या. मला त्या दिवशी क्लास नव्हता, म्हणजे गेटवर कोणी नव्हतं.

कांतामावशींना पहाटेपासून चहा हवा होता आणि दूध फाटलं होतं. काका म्हणाले, साडेसातनंतर आणतो. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावर तर हाय डेअरी. आत्ता जावा, आत्ता या. मी काय पळून जाते का?" काका सात वाजून दहा मिनिटांनी निघाले. डेअरीवर रांग होती. सात पंचवीसला ते पिशवी घेऊन दारात आले तेव्हा मशीन चालू होतं. भुस्स... टक. नळी नाकात होती. मावशी नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी होणारच होतं, फुप्फुसं संपली होती. काका म्हणाले, बरोबर. पुण्यानुमोदनाला बरीच माणसं आली, कांडपातल्या बायका आल्या, बुद्धवंदना झाली. मशीन बंद करून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं होतं आणि त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला एकही आवाज काढावासा वाटला नाही. त्यानंतर आठ दिवसांत केबल बदलायचा ठराव झाला. एकमताने. कोणी चर्चा केली नाही, दिगंबरकाकांनी लेखी काही मागितलं नाही.

मी रविवारी संध्याकाळी गेले तर काका वही उघडून बसले होते. सात महिन्यांची पानं, रोजचे दोन आकडे, गेट आणि घर. फक्त त्या शुक्रवारची ओळ पूर्ण कोरी.

"त्या दिवशी मोजलंच नाही," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा मशीन चालू होतं. पण तीन मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालेलं मशीनही चालूच दिसतं."

मला कळायला वेळ लागला. मग मी वहीपाशी बसले.

"काका, डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टर बरोबर आहेत. मला कोणाला धरायचं नाही. मी दूध आणायला गेलो होतो तेवढ्या वेळात तिचं मशीन चालू होतं की नाही, एवढंच मला कळायला पाहिजे. मोजलं नाही तरी काढता येतं."

पंपाच्या रजिस्टरमध्ये वॉचमनची नोंद होती: सात पाच, पंप चालू, गेटवर व्होल्टेज दोनशे एकवीस. पंप घेतो नऊ अँपिअर. चार घरांचं बाकी सगळं, फ्रिज, दिवे, मिक्सर, स्टॅबिलायझर धरून, सरासरी तेरा. रोध शून्य पूर्णांक आठ. राहिले गीझर. एवढ्या कमी व्होल्टेजला एक गीझर दहा अँपिअर घेतो, हे त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. "आता ते किती चालू होते ते कळलं, म्हणजे झालं," काका म्हणाले. त्यासाठी ते दुपारी घराघरांत जाऊन आले होते.

"उत्तरेश्वर म्हणाला, 'काका, ऑनेस्टली, चालूच असतो सकाळभर.' बिचारा. त्याला वाटलं मी नवीन केबलसाठी विचारतोय." त्यांनी दहा लिहिले. "दिगंबरराव म्हणाले, 'आमचा बंद होता, शुक्रवारी आम्ही उशिरा उठतो.' तुझी आई म्हणाली, आठवत नाही."

आईचा तो सूर मला ओळखीचा आहे. आठवत असतं तेव्हाच ती तसं म्हणते.

त्या खोलीत मला एकदम काहीतरी हलकं बोलावंसं वाटलं, नेहमीसारखं. म्हणून मी पैज लावली. "काका, एकशे ऐंशीच्या वरच येणार. लावा पैज."

काकांनी वहीवरून नजर उचलली. मी काय करतेय हे त्यांना समजलं होतं, माझ्या आधी. "लावली. हरलीस तर हे गणित स्वच्छ अक्षरात लिहून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचं. कोणाचं नाव नको, फक्त आकडे."

"आणि जिंकले तर?"

"तर मी ही वही बंद करतो."

मला जिंकायचं होतं. इतकं कधीच कशात जिंकायचं नव्हतं. आणि समोर तो प्रश्न होता, आमच्या घराचा. मी शुक्रवारी सव्वासातला कुठे होते हे मला चांगलं माहीत होतं. बाबांनंतर मी बाथरूममध्ये शिरले होते, बादली भरून दिगंबरकाकांच्या आवाजात भूपाळी म्हणत होते आणि आई बाहेरून दार वाजवत होती.

"आमचा चालू होता," मी म्हणाले. "मीच होते आत."

काकांनी मान हलवली आणि लिहिलं. दोन गीझर वीस, पंप नऊ, बाकी तेरा. बेचाळीस. गुणिले शून्य पूर्णांक आठ, तेहतीस पूर्णांक सहा. दोनशे एकवीसमधून वजा. एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक चार.

"एकशे सत्त्याऐंशी!" मी उभीच राहिले. "काका, सात वर! चालू होतं! मशीन चालू होतं!"

काकांनी तो आकडा पुन्हा एकदा तपासला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला करून दाखवता येणार नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दार उघडंच होतं, त्यांच्या सवयीने. दारात दिगंबरकाका उभे होते. चपला काढल्या नव्हत्या, आतही आले नाहीत. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"सुखदेवराव."

"या ना, बसा."

"बसत नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांचा आवाज इतक्या वेळा काढलाय, पण हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. "आमचा चालू होता. शुक्रवारी. मी दुपारी आपल्याला... तसं बोललो. चालू होता. लिहा."

वर उत्तरेश्वरच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली.

"नक्की?" काकांनी विचारलं. त्यांनी हे इतक्या हळू विचारलं की नाही म्हणायला जागा होती.

"पावणेसातपासून. लिहा."

काकांनी टोपण काढलं. बेचाळीसमध्ये दहा, बावन्न. गुणिले शून्य पूर्णांक आठ, एक्केचाळीस पूर्णांक सहा. दोनशे एकवीसमधून वजा.

मी वहीकडे बघितलं नाही. तोंडी येत होतं मला.

"एकशे एकोणऐंशी पूर्णांक चार," काका म्हणाले. कोऱ्या ओळीत तो आकडा त्यांनी लिहिला, खाली रेघ मारली, आणि वही माझ्याकडे सरकवली. "हरलीस, बाळ."

"हरले," मी म्हणाले.

मी तिथेच कागद घेतला आणि सुवाच्य लिहायला लागले. तारीख, वेळ, गेटवरचं व्होल्टेज. पंप, नऊ. इतर, तेरा. गीझर, तीन. पुढे नावं लिहायची नव्हती, म्हणून मी पुढची जागा मोकळी सोडली. दिगंबरकाका चपलांसकट आत आले, वाकून कागद वाचला, खिशातून आपलं पेन काढलं आणि त्या मोकळ्या जागेत आपल्या फ्लॅटचा नंबर लिहिला. मग पेन माझ्यापुढे धरलं.